सोंग घेणं आणि सोंग उतरवणं

नारायणगडाला आपण धाकटी पंढरी म्हणतो, आणि इथे येऊन हा म्हातारा खेळांवर बोलणार म्हटल्यावर समोरच्या दोन-चार जाणत्या मंडळींनी एकमेकांकडे पाहिलं, ते मला दिसलं. (हशा) पण विषय तुमच्या घरचाच आहे. भारुडात सोंग काढणारा माणूस जे करतो, तेच आज जगात पुष्कळ लोक टेबलाभोवती बसून, नाहीतर मैदानात उतरून करतात. त्यांनी त्याची साधनं लिहून काढली आहेत, आपण ती लिहिली नाहीत. मला आज ती साधनं तपासायची आहेत.

आधी खेळ काय तो सांगतो. 1974 साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' नावाचा खेळ काढला. चार-पाच जण बसतात. एकजण सूत्रधार, त्याला गेम मास्टर म्हणायचं. बाकीचे एकेक पात्र घेतात, कुणी योद्धा, कुणी चोर, कुणी मांत्रिक. सूत्रधार प्रसंग सांगतो, खेळाडू 'मी आता असं करतो' म्हणून सांगतात, आणि जमलं का फसलं ते फासा ठरवतो. वीस बाजूंचा फासा असतो, बरं का. पुढे हा प्रकार टेबल सोडून अंगावर आला. वेष करायचा, त्या पात्रासारखं चालायचं-बोलायचं, कधी दोन-दोन दिवस. त्याला 'लार्प' म्हणतात. नॉर्वे, स्वीडन, डेन्मार्क, फिनलंड या देशांत त्यावर गंभीर विचार झाला. 1997 पासून तिथे या मंडळींची दरवर्षी परिषद भरते.

आता दोन दिवस दुसऱ्याच्या अंगात राहिल्यावर काहीतरी आत झिरपणारच. पात्राचा राग माझा होतो, माझं दुःख पात्रात उतरतं. याला ते 'ब्लीड' म्हणतात, रंग एका कपड्याचा दुसऱ्याला लागावा तसं. त्यासाठी त्यांनी उपाय केले. खेळाआधी बसून ठरवायचं की कोणता विषय अजिबात येणार नाही आणि कोणता आला तरी आडपडद्यानं येईल. टेबलावर फुली मारलेलं एक कार्ड ठेवायचं. कुणीही त्याला हात लावला की तो प्रसंग तिथेच सोडायचा, 'का' म्हणून विचारायचं नाही. मैदानी खेळात 'कट' म्हटलं की सगळं थांबतं, 'ब्रेक' म्हटलं की जरा हळू. आणि खेळ संपल्यावर वेष उतरवून गोल बसायचं, आपल्या खऱ्या नावानं बोलायचं.

आमच्या पिढीतले काही जण यावर हसतात. खेळायचं तर खेळा, एवढी नियमावली कशाला? मला हे हसणं पटत नाही. त्याचं कारण आपल्या न्यायशास्त्रात आहे. नैयायिकांनी 'आहार्य ज्ञान' अशी एक कोटी मानली आहे. विस्तव नाही हे मला पक्कं ठाऊक आहे, तरी मी इच्छेनं 'विस्तव आहे असं धरू' म्हणतो. हा भ्रम नव्हे. भ्रमात खरं काय ते ठाऊक नसतं. इथे ठाऊक असतं, आणि तरी मी उलट धरतो. म्हणजे दोन गोष्टी लागतात: 'मी हा नाही' हे ज्ञान, आणि 'तरी धरतो' ही इच्छा. दोन्हींपैकी एक जरी गळाली, तर खेळ संपला आणि दुसरंच काही सुरू झालं. ते फुलीचं कार्ड म्हणजे काय? इच्छा अजून जागी आहे ना, याची तपासणी. शेवटचं गोल बसणं म्हणजे 'मी हा नाही' याची उजळणी. फार नेमकी साधनं आहेत ही.

पण ती एकेका खेळाडूच्या हातात दिलेली आहेत. आपल्याकडे काय केलंय ते पाहा. गोदावरीच्या पलीकडे, पैठणला, सोळाव्या शतकात नाथांनी भारुडं लिहिली. जोशी, वासुदेव, गारुडी, भुत्या, सासूला वैतागलेली सून, किती पात्रं! आणि सगळी 'मी' म्हणून बोलणारी. मग बाहेर यायची वाट कुठे आहे? रचनेतच आहे. शेवटच्या चरणात 'एका जनार्दनी' आलं की सून गेली, गारुडी गेला, नाथ उरले. मुद्रा ही नुसती सही नाही, ते दार आहे. आणि ते कुठे येणार हे गाणाऱ्याला, टाळकऱ्याला, पारावरच्या पोरालासुद्धा माहीत असतं. कुणाला हात वर करून 'मला त्रास होतोय' म्हणावं लागत नाही. आमच्या मराठवाड्यातल्या निरंजन भाकरे यांचा बुरगुंडा ज्यांनी पाहिला असेल, पंढरपूरच्या चंदाताई तिवाडींचं भारुड पाहिलं असेल, त्यांना आणखी एक साधन आठवेल. शेजारी उभा राहून प्रश्न विचारणारा साथीदार. तो सोंगात नसतो. तो मधूनमधून टोकतो, फिरकी घेतो, आणि सोंग घेतलेल्याचा एक पाय जमिनीवर राहतो. वस्त्रंही अशीच. पदर डोक्यावरून घेतला की सून, खांद्यावर टाकला की पुन्हा बुवा. एका क्षणाचं काम.

इथपर्यंत आपलं कौतुक झालं. आता अडचणीचं बोलतो.

नाथांच्या भारुडांत 'जोहार' आहेत. महाराच्या तोंडून बोललेले. ब्राह्मण माणसानं सोळाव्या शतकात ते सोंग घ्यावं, हे लहान धाडस नव्हे. पण 'जोहार' चोखोबांच्या नावावरही आहे. तो आणि हा, शब्दांच्या घाटात फार लांब नाहीत. पण नाथांच्या जोहाराला शेवटी दार आहे. मुद्रा आली की ते नाथमहाराज होऊन वाड्यात परततात. चोखोबांचीही मुद्रा येते, 'चोखा म्हणे' येतं, आणि त्या दारातून बाहेर पडल्यावर ते पुन्हा तिथेच असतात, देवळाच्या पायरीशी. त्यांना उतरवायला सोंगच नव्हतं. 'मी हा नाही' हे ज्ञान त्यांना कोण देणार होतं?

हे मी जुन्या काळाचं उकरून काढत नाही. भूमिका घेऊन शिकवण्याची पद्धत आता बी.एड.च्या वर्गात आहे, संस्थांच्या शिबिरांत आहे. एका शिबिरात मी बसलो होतो. संस्थेचं नाव घेत नाही, माणसं चांगली होती. खेळ होता ऊसतोडीचा. पुण्याहून आलेली मुलं आणि आपल्या जिल्ह्यातली मुलं मिसळून बसवली, चिठ्ठ्या काढल्या. कुणाला मुकादम, कुणाला कारखान्याचा माणूस, कुणाला कोयता. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, हे तुम्हाला सांगायला नको. एका मुलीला चिठ्ठीत 'कोयता' आला. तिचे आईवडील त्या हंगामात उचल घेऊन खरोखर फडावर होते. पुण्याची मुलगी कोयता झाली तेव्हा ती काहीतरी नवं शिकत होती, आणि ते चांगलंच. ही मुलगी काय शिकणार? ती नुसती दिसत होती, सगळ्यांना. थांबण्यासाठी कार्ड तिथेही ठेवलं होतं. तिनं हात लावला नाही. परक्या मुलांसमोर त्या कार्डाला हात लावणं म्हणजे 'हे माझंच घर आहे' असं जाहीर करणं. कारण विचारायचं नाही असा नियम होता खरा, पण कारण सगळ्यांना कळलं असतं.

म्हणून माझं म्हणणं असं आहे की या साधनांचा सगळा भर खेळ चालू झाल्यावर थांबण्यावर आहे, आणि खरा निर्णय त्याच्या आधी, पात्र कुणाला द्यायचं तिथे होतो. तो चिठ्ठीवर सोडता येत नाही. कुणी म्हणेल, ब्राझीलच्या ऑगस्तो बोआलनं तर पिचलेल्यांनाच मंचावर आणलं. आणलं, पण कशासाठी? प्रसंग वेगळा घडवून पाहायला, उत्तर बदलायला. आहे तसं आयुष्य पुन्हा करून दाखवायला नव्हे. त्या मुलीला मुकादम करा. हिशेबाची वही तिच्या हातात द्या. पुण्याच्या मुलीनं उचल मागायला तिच्यासमोर यावं, आणि हिनं ठरवावं किती द्यायची, किती कापायची. तेव्हा तिला 'मी ही नाही' म्हणता येईल, आणि मुकादमाचं गणित आतून कसं चालतं हेही कळेल, जे तिच्या बापालाही कुणी कधी दाखवलेलं नाही.

शिक्षक मंडळी मागे बसली आहेत, त्यांच्या चेहऱ्यावर आक्षेप दिसतोय: वर्गात साठ मुलं, कोणाच्या घरी काय आहे हे आम्ही कसं शोधणार? दिवाळीनंतर कुणाची जागा रिकामी होते, हे तुमच्या हजेरीपटात आहे, गुरुजी. बरं, विचारा आता काय विचारायचं ते.