अर्जुनाचा नकार, विनोबांचा नकार

धर्मश्रद्धा ही युद्धविरोधाची प्रेरणा होऊ शकते काय, या प्रश्नाची परीक्षा करावयाची तर ज्या ग्रंथात तो विरोध सर्वाधिक अडचणीत येतो असा ग्रंथ घेणे उचित ठरेल. भगवद्गीता हा असा ग्रंथ आहे. एका योद्ध्याने धनुष्य खाली ठेवण्याने तिला तोंड फुटते आणि तोच योद्धा लढण्यास सिद्ध झाल्यावर ती संपते. तरीही हिचाच जन्मभर आश्रय घेणारे विनोबा भावे १९४० साली युद्धविरोधी वैयक्तिक सत्याग्रहाचे पहिले सत्याग्रही ठरले. या विसंगतीचा उलगडा चरित्रात शोधण्याची आपल्याकडे प्रथा आहे. प्रस्तुत लेखात तो त्यांच्या ‘गीता प्रवचने’ या ग्रंथाच्या अर्थनिर्णयनपद्धतीत शोधावयाचा आहे.

विनोबांपुढे दोन वाटा तयार होत्या. टिळकांनी ‘गीतारहस्या’त (१९१५) संहितेचा उपक्रम-उपसंहार प्रमाण मानून कर्मयोग प्रतिपादिला; अर्जुनाने लढणे हे तेथे तर्कप्राप्त आहे. गांधींनी ‘अनासक्तियोगा’त (१९३०) कुरुक्षेत्र मानवी हृदयात नेले. मात्र शब्दशः अर्थ घेतल्यास फलत्यागाशी युद्ध सुसंगत ठरू शकेल, हे त्यांनी तेथे नाकारलेले नाही. पूर्ण फलत्याग अहिंसेवाचून अशक्य आहे, हा त्यांचा निष्कर्ष चाळीस वर्षांच्या आचरणातून आलेला आहे, आणि तसे ते सांगतात. एकाचा आधार संहिता, दुसऱ्याचा आधार आयुष्य.

१९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी अठरा प्रवचने दिली; ती साने गुरुजींनी टिपून घेतली. पहिल्याच प्रवचनात एक अनपेक्षित गोष्ट घडते. युद्धविरोधी भाष्यकार अर्जुनाच्या बाजूने उभा राहील, ही आपली अपेक्षा विनोबा मोडतात. अर्जुन अहिंसावादी झालेला नाही, असे ते स्पष्ट बजावतात आणि एका न्यायाधीशाचा दृष्टांत देतात. शेकडो गुन्हेगारांना फाशी देणाऱ्या या न्यायाधीशासमोर एके दिवशी स्वतःचा मुलगा आरोपी म्हणून येतो. तेव्हा फाशीची शिक्षा अमानुष असल्याचे तत्त्वज्ञान त्याला सुचू लागते. युक्तिवाद खोटा असतो असे नाही. तो ज्या मुखातून, ज्या क्षणी येतो, त्यामुळे तो भ्रष्ट होतो. अर्जुनाचा आक्षेप मारण्याला नसून स्वजनांना मारण्याला आहे.

या मांडणीचे महत्त्व असे की, विनोबांनी प्रश्नाचे केंद्रच हलविले. अर्जुनाने काय ठरविले यापेक्षा कशाच्या बळावर ठरविले, हा त्यांच्या वाचनाचा विषय झाला. पण येथे एक फट राहते. मोह गेल्यावरही अर्जुन लढतोच. मग निर्मोही माणसाने युद्ध नाकारावे, हे कोठून निघाले? या प्रश्नाचे उत्तर पहिल्या प्रवचनात नाही. ते सोळाव्यात येते. तेथे अहिंसेच्या विकासाच्या चार पायऱ्या सांगितल्या आहेत: हिंसेनेच हिंसकांचा नायनाट करू पाहणारा परशुराम; स्वतः अहिंसक राहून रक्षणासाठी क्षत्रियांकडे जाणारे ऋषी; असे रक्षणही न मागणारे संत; आणि शेवटी समूहाने करावयाचा अहिंसेचा प्रयोग. पहिले आणि सोळावे प्रवचन एकत्र वाचले म्हणजे अन्वय लागतो. अर्जुनाचे लढणे ही इतिहासातील एक पायरी आहे. मोहाची परीक्षा मात्र प्रत्येक पायरीवर तीच आहे. संहितेचा निर्णय कालबद्ध आणि तिचा निकष कालातीत, असा हा भेद आहे. विनोबा तो सूत्ररूपाने मांडत नाहीत. वाचकाला तो जुळवून घ्यावा लागतो.

हा निकष खुद्द विनोबांना लावून पाहणे आवश्यक आहे. राज्यकर्त्याच्या युद्धाला विरोध करणे जित राष्ट्रातील माणसाला सोयीचेही असते. जुलै १९४० मध्ये पुण्याच्या बैठकीत अखिल भारतीय काँग्रेस समितीने स्वातंत्र्याच्या मान्यतेच्या आणि राष्ट्रीय सरकारच्या अटीवर युद्धप्रयत्नांत सहकार्याची तयारी दाखविली होती. म्हणजे अनेकांचा विरोध या युद्धातील परकीय सत्तेला होता, युद्धाला नव्हता. दृष्टांतातील न्यायाधीश येथेही उपस्थित आहे. गांधींनी विनोबांची निवड केली ती त्यांचा विरोध युद्धमात्राला होता म्हणून. १७ ऑक्टोबर १९४० रोजी पवनारला त्यांनी युद्धविरोधी भाषण केले आणि पुढे तुरुंगवास पत्करला. आठ वर्षांपूर्वी अर्जुनाला लावलेल्या कसोटीला आता भाष्यकारालाच उतरावयाचे होते.

यावर एक गंभीर आक्षेप संभवतो. वाचनाचे प्रामाण्य आचरणावर सोपविले तर गीता हाती घेऊन फासावर गेलेल्या क्रांतिकारकाचे वाचनही तितकेच प्रमाण ठरते; त्याचाही मोह सुटलेलाच होता. हा आक्षेप पूर्णतः परतविता येत नाही, असे माझे मत आहे. विनोबांचे चार पायऱ्यांचे इतिहासदर्शन ज्याला मान्य नाही, त्याच्यासाठी त्यांच्या वाचनात बंधनकारक असे काही उरत नाही. ते दर्शन संहितेतून निघालेले नाही. ती श्रद्धा आहे. पण ती कोठे प्रवेश करते हे नेमके दाखविता येते, आणि समीक्षेला येथे करता येण्यासारखे काम एवढेच आहे.

‘गीता प्रवचने’ भक्तिपर वाङ्मयाच्या कप्प्यात टाकून आपण हे काम टाळले आहे. युद्धविरोधी साहित्याचा विचार करताना आपण करुणेचे मोजमाप करतो. ती कोणासाठी आहे हे क्वचितच विचारतो. आपल्या बाजूच्या मृतांवर लिहिलेली उत्तम शोककविता न्यायाधीशाच्या त्या ऐन वेळच्या तत्त्वज्ञानापेक्षा वेगळी कशी, हा प्रश्न धुळ्याच्या त्या पहिल्या प्रवचनापासून आपल्यासमोर आहे.