वंशावळ, बखर आणि निवाडा : ‘महिकावतीच्या बखरी’च्या वाचनाचा प्रश्न

उत्तर कोकणातील कुलवृत्तांतांची पहिली काही पाने चाळली, तर एक गोष्ट हमखास आढळते. मूळपुरुष प्रतापबिंबाबरोबर आला, शके 1060 मध्ये आला, आणि अमुक गावचे वतन त्याला मिळाले. या विधानाचा आधार बहुधा एकच असतो : वि. का. राजवाडे यांनी 1924 मध्ये संपादून प्रसिद्ध केलेली ‘महिकावतीची बखर’. वडप्यासारख्या भिवंडी तालुक्यातील गावातले घराणे असो की केळवे-माहीमचे, आधार तोच. वस्तुतः ज्या राजवाड्यांनी 1898 मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’च्या पहिल्या खंडाच्या प्रस्तावनेत बखरींच्या कालविपर्यासाची निर्दय झडती घेतली, त्यांच्याच नावाचे वजन पुढे या बखरीतील शकांना प्राप्त व्हावे, हा आपल्या संशोधनव्यवहारातील एक विरोधाभासच म्हटला पाहिजे. संपादकाची प्रतिष्ठा संहितेला लागू होत नाही, एवढा साधा विवेकही कुलेतिहासाच्या लेखनात क्वचितच पाळला जातो.

मुळात ही ‘एक’ बखर नव्हे. तिची सहा प्रकरणे वेगवेगळ्या हातांनी, वेगवेगळ्या काळी आणि वेगवेगळ्या हेतूंनी रचलेली आहेत. त्यांतला सर्वांत जुना भाग केशवाचार्याचा, शके 1370 म्हणजे इ. स. 1448 चा, इतर भाग पुढच्या शतकापर्यंत येतात. वंशशोधकाच्या दृष्टीने कळीचा भाग अर्थातच केशवाचार्याचा. मालाडच्या नायकोरावाला देवीचा दृष्टान्त होतो, महाराष्ट्रधर्म रक्षिण्याची आज्ञा होते, आणि विस्कटलेल्या कुळांची नावे, वंश, गोत्रे, कुलदैवते पुन्हा निश्चित केली जातात. या निवेदनाला इतिहासाचा पोशाख असला तरी त्याचे कार्य निवाड्याचे आहे. कोण कोणाशी सोयरीक करू शकतो, कोणाचा मान कोठे, याचा निर्णय येथे दिला जात आहे. आणि निर्णयाला पूर्वपीठिका हवी म्हणून प्रतापबिंब आणि त्याच्याबरोबरची 66 कुळे येतात.

हे ध्यानी घेतले की प्रामाण्याचा प्रश्न निराळ्या रीतीने मांडता येतो. ‘बखर खरी की खोटी’ हा प्रश्नच अपुरा आहे. 1448 मध्ये कोणती कुळे स्वतःला कोणत्या वंशाची म्हणवीत होती आणि समाज त्यांना काय मानीत होता, यासाठी केशवाचार्याची साक्ष मोलाची, जवळजवळ समकालीन आहे. त्याच्या तीनशे दहा वर्षे आधी कोण कोठून आले, यासाठी तीच साक्ष दुबळी ठरते. एकाच पानावरील दोन वाक्यांचे प्रामाण्य असे भिन्न असू शकते. वा. सी. बेंद्र्यांच्या ‘साधन-चिकित्से’पासून (1928) आपण साधनांची प्रतवारी करू लागलो, परंतु साधनाच्या आतील थरांची प्रतवारी अजूनही अंगवळणी पडलेली नाही.

शके 1060 चीच गोष्ट घ्या. उरणजवळच्या चांजे येथील शिलालेख नेमका याच शकाचा आहे, आणि त्यात राज्य आहे ते शिलाहार पहिल्या अपरादित्याचे. त्याआधी शके 1049 चा त्याचा वडवली ताम्रपट आहे. वा. वि. मिराशींनी शिलाहारांचे लेख एकत्र संपादित केले, त्यात हे सर्व सुलभपणे पाहावयास मिळते. यावरून माहीमला कोणी बिंब आलाच नाही, असे सिद्ध होत नाही. चांज्याचा लेख चांज्यापुरतेच बोलतो. पण बखरीतले निर्विवाद बिंबराज्य मात्र संशयास्पद ठरते. शिवाय बिंबाख्यानाची परंपरा राजाला देवगिरीच्या रामदेवरावाचा पुत्र मानते आणि त्याचे आगमन तेराव्या शतकाच्या अखेरीस नेते. दोन परंपरांत दीडशे वर्षांचे, म्हणजे पाच-सहा पिढ्यांचे अंतर पडते. वंशवृक्ष काढणारा बहुधा जुना शक स्वीकारतो आणि मधल्या पिढ्या कल्पनेने भरतो.

हा व्याधी केवळ आपला नाही. मध्ययुगीन वेल्समध्ये राजकुळांच्या वंशावळी आणि ‘ब्रूट अ तुवसोगयोन’सारखे वर्षवृत्तान्त ही दोन भिन्न साधने आहेत. वृत्तान्त एका लुप्त लॅटिन मूळाचे वेल्श अवतार आहेत. तर हार्ली हस्तलिखितातील वंशावळी दहाव्या शतकात ओवाइन अप हवेल या राजाच्या पितृकुल-मातृकुलापासून सुरू होतात, म्हणजे ज्याचे राज्य त्याचे मूळ आधी. तेथील अभ्यासकांनी म्हणूनच वंशावळीला भूतकाळाच्या नोंदीआधी वर्तमानाचा दावा म्हणून वाचावयास घेतले. एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी योलो मोर्गानुग याने रचलेला बनावट वृत्तान्त अस्सल म्हणून छापला गेला आणि दीर्घकाळ वापरला गेला. केशवाचार्य बनावटकार नव्हे. परंतु दाव्याची जात तीच.

दावा असणे हा काही बखरीचाच दोष नाही. भिवंडी तालुक्यातील भादाणे गावाचे दान नोंदवणारा अपराजिताचा शके 919 चा ताम्रपट पाहा. राष्ट्रकूट सत्ता तैलपाच्या हातून संपून दोन तपे उलटलेली; तरी हा शिलाहार आपल्या लेखात राष्ट्रकूटांची वंशावळ साद्यंत देतो. ताम्रपट समकालीन आहे म्हणून तो निर्हेतुक ठरत नाही. फरक इतकाच की तेथे हेतूची तारीख आपल्या हाती असते.

आडनावांच्या बाबतीत तर सावधगिरी दुप्पट हवी. राऊत, म्हात्रे, चौधरी, पाटील ही मुळात पदे. म्हात्रे हा शब्द ताम्रपटांतल्या महत्तराशी जोडला जातो आणि महत्तर गावोगावी होते. तेव्हा दोन गावांतील दोन म्हात्रे घराणी बखरीतील एकाच ओळीला नेऊन बांधणे म्हणजे पदाला रक्त समजणे होय. आणि नावे अशी सरकतात ती केवळ प्रजेचीच नव्हेत. बखरीत महिबिंबानंतर केशवदेव येतो. भिवंडी तालुक्यातच, लोनाडजवळच्या चौधरपाड्याच्या शके 1161 च्या लेखात शिलाहार केशिदेव राज्य करीत आहे. बखरीने पराभूत घराण्याचा राजा विजेत्या घराण्याच्या वंशात दत्तक घेतला असावा, असा प्रस्तुत लेखकाचा तर्क आहे. तो तपासावयाचा तर केवळ छापील पाठ पुरणार नाही. बखरीच्या उपलब्ध पोथ्या आणि शिलाहार लेख शेजारी ठेवून नावागणिक वाचावे लागतील.