संगणकीय खेळांतील ऐतिहासिक बंदुका आणि युवकांची इतिहासदृष्टी : एक चिकित्सा (अहिल्यानगर जिल्ह्याच्या विशेष संदर्भात)

गोषवारा : युद्धविषयक संगणकीय व मोबाईल खेळांमुळे महाविद्यालयीन युवकांना जुन्या लष्करी बंदुकांची नावे आणि त्यांची कार्यपद्धती परिचित झाली आहे. या परिचयाला इतिहासज्ञान म्हणता येईल काय, असा प्रश्न प्रस्तुत लेखात उपस्थित केला आहे. 'बॅटलग्राउंड्स मोबाईल इंडिया' आणि 'एम्पायर : टोटल वॉर' या दोन खेळांची संहिता म्हणून चिकित्सा करून, अहिल्यानगर जिल्ह्यातील युद्धेतिहासाच्या साधनांशी त्यांची तुलना केली आहे.

बीजसंज्ञा : संगणकीय खेळ, तोड्याची बंदूक, कवायती पलटण, खर्डा, इतिहासदृष्टी.

१. प्रस्तावना

'मेडल ऑफ ऑनर' (१९९९) आणि 'कॉल ऑफ ड्यूटी' (२००३) या खेळांनी दुसऱ्या महायुद्धातील शस्त्रे घराघरांतील पडद्यावर आणली. 'पबजी मोबाईल' (२०१८) मुळे तीच शस्त्रे खेड्यापाड्यांतील युवकांच्या हातातील मोबाईलवर आली. २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र शासनाने ११८ उपयोजनांवर बंदी घातली, त्यात या खेळाचा समावेश होता. बंदीचे कारण हिंसा हे नव्हते, तर माहितीची सुरक्षितता आणि देशाचे सार्वभौमत्व हे होते. जुलै २०२१ मध्ये हाच खेळ 'बॅटलग्राउंड्स मोबाईल इंडिया' या नावाने परतला. जुलै २०२२ मध्ये तो पुन्हा रोखला गेला आणि मे २०२३ मध्ये पुन्हा उपलब्ध झाला. या घडामोडींच्या निमित्ताने झालेली चर्चा व्यसन आणि हिंसा या दोन मुद्द्यांभोवतीच फिरत राहिली. हे खेळ इतिहासाविषयी काय सांगतात आणि काय लपवितात, याची चिकित्सा मात्र अभावानेच झाली.

२. नावाचा परिचय आणि संदर्भाचा लोप

'कार-९८' हे नाव आज अनेक विद्यार्थ्यांच्या तोंडी असते. जर्मन सैन्याने १९३५ मध्ये स्वीकारलेली 'कारबिनर ९८ कुर्झ' ही ती रायफल होय. तिच्यात पाच काडतुसे बसतात आणि प्रत्येक गोळीनंतर हाताने खटका मागे ओढून पुढे ढकलावा लागतो, एवढे ज्ञान खेळणाऱ्यास आपोआप होते. हे ज्ञान खरे आहे आणि त्याची उपेक्षा करणे योग्य नव्हे. एका गोळीनंतर दुसरी झाडण्यास लागणारा वेळ सैनिकाच्या जीवनमरणाचा प्रश्न असतो, ही गोष्ट पाठ्यपुस्तकातील परिच्छेदापेक्षा खेळ अधिक प्रभावीपणे समजावून देतो.

परंतु याच ठिकाणी खेळाची मर्यादाही स्पष्ट होते. खेळात 'कार-९८' आणि 'एकेएम' या दोन्ही बंदुकांना '७.६२' हे एकच काडतूस चालते. प्रत्यक्षात जर्मन रायफलचे काडतूस ७.९२ मिलिमीटरचे होते, तर सोव्हिएत 'एकेएम'चे ७.६२ मिलिमीटरचे आणि लांबीने बरेच आखूड. ही केवळ तांत्रिक चूक म्हणून सोडून देता येत नाही. योग्य बंदुकीपर्यंत योग्य काडतूस वेळेवर पोहोचविणे हा आधुनिक युद्धाचा कणा असतो. कारखाने, रेल्वे, कोठारे आणि त्यांत राबणारे हजारो हात यांवर तो उभा असतो. खेळात काडतूस ओसाड घराच्या जमिनीवर पडलेले सापडते. ते बनविणारा कामगार या कथनातून पूर्णतः वगळला जातो.

गोळी झेलणाऱ्याचीही हीच गत होते. भारतीय आवृत्तीत रक्ताचा लाल रंग काढून तो हिरवा करण्यात आला. हा बदल सौम्यतेच्या हेतूने झाला असला तरी त्याचा अर्थ विचार करण्याजोगा आहे. शस्त्राचे नाव, आकार आणि आवाज शक्य तितका अस्सल ठेवला गेला, परिणाम मात्र अवास्तव करण्यात आला. 'ली-एनफिल्ड' या ब्रिटिश रायफलचे उदाहरण याहून बोलके आहे. 'कॉल ऑफ ड्यूटी २' (२००५) आणि 'बॅटलफील्ड १' (२०१६) या खेळांत ती महायुद्धांच्या रणभूमीवरील एक विश्वासू शस्त्र म्हणून येते. भारतीय युवकाच्या दृष्टीने तिचा इतिहास निराळा आहे. १३ एप्रिल १९१९ रोजी जालियनवाला बागेत .३०३ काडतुसांच्या १६५० फैरी झाडण्यात आल्या. ईशापूरच्या कारखान्यात ही रायफल तयार होत असे. स्वातंत्र्यानंतरही 'थ्री नॉट थ्री' या नावाने ती अनेक दशके पोलिसांच्या खांद्यावर राहिली. २००८ च्या मुंबई हल्ल्यात स्वयंचलित बंदुकांसमोर रेल्वे स्थानकावरील पोलिसांच्या हाती .३०३ होती. ज्या रायफलीने वसाहतीचा धाक निर्माण केला, तीच पुढे स्वतंत्र देशातील साधनांच्या दारिद्र्याची खूण ठरली. हा प्रवास कोणत्याही गुणांकाच्या तक्त्यात मावत नाही.

३. पडद्यावरील मराठे आणि खर्ड्याचे रण

मार्च २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'एम्पायर : टोटल वॉर' या खेळाचे स्थान या संदर्भात विशेष आहे. अठराव्या शतकावर आधारलेल्या या खेळात खेळाडूला मराठ्यांची बाजू घेता येते. तोड्याच्या बंदुकीकडून चकमकीच्या बंदुकीकडे झालेले स्थित्यंतर, रांगेने बार काढण्याची कवायत आणि सैन्याचे मनोधैर्य यांना खेळात महत्त्व आहे. या दृष्टीने तो 'बॅटलग्राउंड्स'पेक्षा निश्चितच प्रगल्भ आहे.

तथापि खेळाचा आरंभ इ. स. १७०० मध्ये 'मराठा संघराज्या'ने होतो. त्या वर्षी मार्चमध्ये छत्रपती राजाराम महाराजांचे सिंहगडावर निधन झाले, एप्रिलमध्ये सातारा मोगलांच्या हाती गेला आणि राज्याची धुरा महाराणी ताराबाईंनी घेतली. ज्याला संघराज्य म्हटले जाते ती रचना बऱ्याच नंतरची आहे. १७०७ मध्ये अहमदनगरजवळ भिंगार येथे औरंगजेबाचा मृत्यू झाला, तोपर्यंतचा संघर्ष मुख्यतः गनिमी काव्याचा होता. समोरासमोर उभ्या ठाकलेल्या पलटणींच्या नियमांत तो बसविणे म्हणजे त्याचे मर्मच गमावणे होय.

दुसरी उणीव तंत्रज्ञानाच्या संकल्पनेत आहे. खेळात नवे शस्त्र 'संशोधना'ने प्राप्त होते. इतिहासात महादजी शिंदे यांनी डी बॉयन याच्या नेतृत्वाखाली कवायती पलटणी उभ्या केल्या, आग्र्यास तोफा-बंदुकांचे कारखाने काढले आणि त्यांच्या खर्चासाठी दोआबातील मुलखाचा महसूल लावून दिला. बंदुकीची किंमत अखेर रयतेच्या शेतसाऱ्यातून चुकती होत होती.

जामखेड तालुक्यातील खर्डा येथे ११ मार्च १७९५ रोजी झालेली लढाई या चर्चेला स्थानिक आधार पुरविते. निजामाकडे रेमंड या फ्रेंच अधिकाऱ्याने तयार केलेल्या पलटणी होत्या, तर मराठ्यांकडे शिंद्यांची कवायती फौज होती. म्हणजे चकमकीच्या बंदुका दोन्हीकडे होत्या. तरीही निर्णय केवळ बंदुकांनी झाला नाही. रात्रीच्या गोंधळात निजामाने खर्ड्याच्या किल्ल्याचा आश्रय घेतला आणि वेढ्यात सापडून तह पत्करला. अवघ्या आठ वर्षांनी, ऑगस्ट १८०३ मध्ये, वेलस्लीने अहमदनगरचा किल्ला चार दिवसांत घेतला. पेठ शिड्या लावून जिंकली गेली आणि किल्ला शरण आला. समान शस्त्रे असूनही निकाल भिन्न का लागतात, हा प्रश्न खेळ विचारीत नाही. इतिहासाचा अभ्यास तेथूनच सुरू होतो.

४. भाषा आणि स्थानिक साधने

या परिचयाची भाषाही परकी आहे, हा मुद्दा मराठीच्या अध्यापकांनी विशेष लक्षात घ्यावा. तोडा, रंजक, ठासणी, गज, बत्ती, जेजाला, जंबुरा अशी समृद्ध शब्दसंपदा मराठीत आहे. 'ठासून सांगणे', 'फुसका बार' या नित्याच्या प्रयोगांत बंदुकीची कृती आजही शिल्लक आहे. दारू नीट ठासली नाही तर बार फुकट जातो, हा अनुभव भाषेने जपला आहे. विद्यार्थ्यास 'रीलोड' कळते. मात्र 'ठासणे' हा शब्द तो त्याचा मूळ अर्थ न जाणताच वापरतो.

वस्तूंच्या बाबतीतही जिल्हा दरिद्री नाही. 'मलिक-ए-मैदान' ही सुमारे ५५ टन वजनाची तोफ १५४९ मध्ये अहमदनगर येथे ओतली गेली. ती परांड्यास व पुढे विजापुरास गेली आणि आजही तेथील बुरुजावर आहे. आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूलने १९९४ मध्ये सुरू केलेल्या रणगाडा संग्रहालयात व्हॅलेंटाईन, शर्मन यांसह १९६५ च्या युद्धात हस्तगत केलेला पॅटन रणगाडा उभा आहे. खेळातील रणगाडा नष्ट झाला की पुन्हा मिळतो. संग्रहालयातील पॅटन मात्र ज्या माणसांसह रणात उतरला, त्यांचा प्रश्न पाहणाऱ्यापुढे ठेवतो.

५. समारोप

उपरोक्त विवेचनावरून असे म्हणता येईल की, संगणकीय खेळ हे इतिहासज्ञानाचे शत्रू नाहीत, परंतु ते त्याचे पर्यायही नाहीत. ते शस्त्राची कृती शिकवितात. शस्त्र कोणी घडविले, कोणाच्या पैशाने घेतले आणि कोणावर चालविले, या तीन प्रश्नांवर ते मौन पाळतात. बंदी वा उपदेश यांनी हे मौन भंगणार नाही. विद्यार्थ्याने खेळातून आणलेले कुतूहल अध्यापकाने स्वीकारावे, 'कार-९८'पासून 'थ्री नॉट थ्री'पर्यंत आणि तेथून खर्ड्याच्या मैदानापर्यंत त्यास न्यावे व प्रत्येक टप्प्यावर हे तीन प्रश्न विचारावेत. ज्या जिल्ह्यात किल्ला, रणभूमी आणि रणगाडे एका दिवसाच्या प्रवासात पाहता येतात, तेथील युवकाला युद्ध केवळ पडद्यावर भेटत असेल, तर तो दोष खेळापेक्षा अध्यापनाचा अधिक मानावा लागेल.