कागद शासनाचा, आवाज कोणाचा?

दलित प्रश्नावरील प्रबंधांत आणि लेखांत शासकीय कागदांचा आधार आता मोठ्या प्रमाणावर घेतला जातो, ही समाधानाची गोष्ट आहे. ज्यांच्या अनुभवाला ‘पुरावा काय?’ असे सतत विचारले गेले, त्यांनी व्यवस्थेच्याच दप्तरातून पुरावा काढून दाखवावा, यात एक न्याय आहे. परंतु हा पुरावा आपण ज्या रीतीने नोंदवतो, ती रीत मला चिंताजनक वाटते. ‘शासकीय अहवाल’, ‘महाराष्ट्र शासन’, ‘सायमन कमिशन’ एवढ्यावर तळटीप संपते. ही केवळ तळटिपेची हयगय नव्हे. तीत बोलणारा माणूसच हरवतो.

सायमन कमिशनचेच उदाहरण घेऊ. या एका नावाखाली निदान तीन वेगळे कागद येतात. बहिष्कृत हितकारिणी सभेच्या वतीने बाबासाहेबांनी मे १९२८ मध्ये दिलेले निवेदन हा पहिला. मुंबई प्रांतिक समितीचे सभासद असताना समितीशी मतभेद झाल्यामुळे १७ मे १९२९ रोजी त्यांनी सादर केलेला स्वतंत्र अहवाल हा दुसरा. आणि १९३० साली प्रसिद्ध झालेला खुद्द कमिशनचा अहवाल हा तिसरा. बाबासाहेबांनी प्रौढ मताधिकार मागितला. कमिशनने तो दिला नाही. आता ‘सायमन कमिशनच्या अहवालात प्रौढ मताधिकाराचा पुरस्कार आहे’ असे कोणी लिहिले, तर मागणाऱ्याचे शब्द नाकारणाऱ्याच्या तोंडी जातात. अशी वाक्ये मी प्रबंधांत वाचली आहेत. महाराष्ट्र शासनाने १९८२ साली काढलेल्या बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांच्या दुसऱ्या खंडात विधिमंडळातील भाषणे, सायमन कमिशनपुढील मांडणी आणि गोलमेज परिषदेतील भाषणे एकत्र आहेत. म्हणून ‘खंड २, पृष्ठ अमुक’ एवढेच लिहिणे म्हणजे घराचा नंबर देऊन माणसाचे नाव न सांगणे होय.

महाडच्या बाबतीत तर कागदाचा फरक हाच लढ्याचा गाभा आहे. सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई कायदेकौन्सिलने ४ ऑगस्ट १९२३ रोजी संमत केला. त्याला आपल्याकडे कोणी ‘बोले कायदा’ म्हणतात. तो कायदा नव्हता, ती शिफारस होती. ११ सप्टेंबर १९२३ च्या सरकारी आदेशाने सरकारच्या ताब्यातील ठिकाणांपुरती खातेप्रमुखांना अंमलबजावणीची सूचना दिली. स्थानिक संस्थांना मात्र कलेक्टरांनी विचार करण्याचा सल्ला द्यावा, एवढेच म्हटले. चवदार तळे खुले करण्याचा ठराव महाड नगरपालिकेने केला तो ५ जानेवारी १९२४ रोजी. आणि मार्च १९२७ च्या सत्याग्रहानंतर ४ ऑगस्ट १९२७ रोजी तिनेच तो फिरवला. हे चार कागद ‘सरकारने तळे खुले केले होते’ या एका वाक्यात कोंबले की काय उरते? सरकारने जबाबदारी कोठे झटकली, नगरपालिकेने कोठे माघार घेतली, हे दिसेनासे होते. कौन्सिलचा ठराव आणि तळ्याचे पाणी यांच्यातील अंतर लोकांना पायांनी तोडावे लागले. हायकोर्टाने १७ मार्च १९३७ रोजी सनातन्यांची पुरातन वहिवाट सिद्ध होत नाही, असा निकाल दिला. त्या दाव्यातही कोणी काय शाबीत केले, यालाच महत्त्व होते.

आजच्या शासन निर्णयांनाही हेच लागू आहे. महाराष्ट्र शासनाचा निर्णय उघडला की प्रथम ‘वाचा’ म्हणून मागील कागदांची यादी येते, मग प्रस्तावना, आणि त्यानंतर निर्णय. प्रस्तावनेत शासन आपला हेतू सांगते. बांधून घेते ते निर्णयात. प्रस्तावनेतील कळवळा ‘शासनाने दिले’ म्हणून उद्धृत करणारे लिखाण नकळत शासनाची जाहिरात करते. नंतर शुद्धिपत्रक निघाले काय, निर्णय अधिक्रमित झाला काय, हेही पाहिले पाहिजे.

अत्याचारांच्या आकड्यांचे तेच. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचा अहवाल नोंदवलेले गुन्हे मोजतो, घडलेले नव्हे. ‘इतके अत्याचार झाले’ असे लिहिले की ठाण्याच्या पायरीवरून परत पाठवलेली बाई त्या वाक्यातून पुन्हा एकदा परत पाठवली जाते. ‘इतके गुन्हे नोंदले गेले’ असे लिहिले, तर ती निदान प्रश्न म्हणून उभी राहते.

यावर काही मित्र म्हणतील, ही प्रस्थापित विद्यापीठांची सोवळेगिरी आहे. आमची वेदना तळटिपेची मोहताज नाही. वेदना नसेलही, पण दावा आहे. बाबासाहेब समित्यांपुढे उभे राहिले ते आकडे, कलमे आणि तारखा घेऊन. एक तारीख चुकली की विरोधक सगळा युक्तिवाद बाजूला सारतो, ही सवलत आपण त्याला का द्यावी?

म्हणून विद्यार्थ्यांना आणि त्यांच्या मार्गदर्शकांना माझे सांगणे साधे आहे. कागद कोणत्या विभागाचा, क्रमांक काय, दिनांक काय, पृष्ठ वा परिच्छेद कोणता, मूळ पाहिला की संग्रहातून घेतला, हे लिहा. आणि त्याआधी लिहा की त्यात बोलतो कोण: साक्षीदार, सभासद, अधिकारी की मंत्री. शासनाच्या दप्तरात आपल्या माणसांचे आवाज कैद आहेत. ते बाहेर काढताना त्यांच्यावर पुन्हा शासनाचेच नाव घालू नका.