संधिविग्रहाचे कागद : १८७० ची एक तार व १९१४ चीं रंगीत पुस्तकें

कौटिलीय अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणांत शासनाधिकार नांवाचें प्रकरण आहे. त्याच्या आरंभींच असें प्रतिपादन आहे कीं, राजे हे शासनांवर, म्हणजे लेखी आज्ञापत्रांवर अवलंबून असतात. कारण संधि व विग्रह या दोहोंचें मूळ तेथें असतें. १९०९ सालीं शामशास्त्री यांनीं हा ग्रंथ छापून काढल्यापासून त्यावर विपुल लेखन झालें. पण युद्धांची कारणमीमांसा करणारांनीं या एका विधानाकडे द्यावें तितकें लक्ष दिलें नाहीं, असें आमचें मत आहे. आधुनिक युद्धें कां होतात यावर जे ग्रंथ आमच्या वाचनांत आले त्यांत बाजारपेठा, वसाहती, शस्त्रास्त्रांची चढाओढ, गुप्त तह व राष्ट्राभिमान यांचें विवेचन भरपूर आहे. तें खोटें नव्हे. परंतु ज्या कागदावर बोट ठेवून युद्ध पुकारलें गेलें, तो कागद अस्सल कीं नक्कल, पुरा कीं तोडलेला, हा प्रश्न बहुधा तळटीपेंत जातो. या त्रैमासिकाच्या वाचकांस तो तळटीपेचा वाटणार नाहीं, म्हणून येथें त्याचा विचार करतों.

नैयायिक घटाचीं कारणें सांगतांना कपाल हें समवायिकारण, कपालांचा संयोग हें असमवायिकारण आणि कुंभार, दंड, चक्र इत्यादि निमित्तकारण असा विभाग करितात. राष्ट्रांमधील मत्सर, खडीं सैन्यें आणि मैत्रीचे तह हीं युद्धाचीं समवायिकारणें म्हणावीं. परंतु युरोपांत तीं १९०५ सालीं मोरोक्कोच्या प्रकरणीं होतीं, १९०८ सालीं बोस्नियाच्या प्रकरणीं होतीं, १९११ सालीं आगादीर येथें होतीं आणि १९१२-१३ च्या बाल्कन युद्धांतहि होतीं. त्या चारी वेळां महायुद्ध झालें नाहीं. तेव्हां निमित्तास क्षुल्लक मानून चालणार नाहीं.

प्रथम १८७० चें प्रकरण घेऊं. स्पेनच्या रिकाम्या गादीसाठीं होहेनझोलर्न घराण्यांतील लिओपोल्ड याचें नांव पुढें आलें होतें. फ्रान्सनें हरकत घेतल्यावर १२ जुलै रोजीं त्याच्या बापानें तें मागें घेतलें. वाद येथें संपावयास हवा होता. परंतु दुसरे दिवशीं फ्रेंच वकील बेनेदेत्ती यानें एम्स येथें प्रशियाचा राजा विल्हेल्म फिरावयास गेला असतां त्याला गांठून, पुन्हां कधींहि अशा उमेदवारीस संमति देणार नाहीं असें वचन मागितलें. राजानें नकार दिला. पुढें लिओपोल्डकडील बातमी राजास मिळाली, तेव्हां त्यानें आपल्या अ‍ॅडजुटंटकरवीं वकिलास कळविलें कीं, तुम्हांस पॅरिसहून जें कळलें तेंच आम्हांस कळलें आहे, आतां अधिक सांगण्यासारखें कांहीं उरलें नाहीं. आबेकेन यानें हा वृत्तांत तारेनें बर्लिनास बिस्मार्ककडे पाठविला. आणि ही नवी मागणी व तिचा नकार वर्तमानपत्रांस कळवावा कीं नाहीं, हें राजानें बिस्मार्कवर सोंपविलें.

बिस्मार्कनें काय केलें? त्यानें एकहि शब्द खोटा घातला नाहीं असें त्याचे चाहते म्हणतात, आणि तें बहुतांशीं खरें आहे. त्यानें केवळ गाळलें. लिओपोल्डकडील बातमीचा मधला भाग गेला; त्याबरोबर ‘आतां सांगण्यासारखें उरलें नाहीं’ याचें कारणहि गेलें. उरलेल्या मजकुराचा अर्थ असा झाला कीं, राजानें वकिलास पुन्हां भेटण्याचें नाकारलें आणि अ‍ॅडजुटंटकरवीं त्यास वाटेला लावलें. कौटिल्यानें लेखाचे जे गुण सांगितले आहेत त्यांत परिपूर्णता हा एक आहे. सदरहू तारेंत अपशब्द नाहीं, पुनरुक्ति नाहीं, व्याघात नाहीं. मग दोष तो कोणता? परिपूर्णतेचा अभाव, एवढाच. त्यांत भर अशी कीं, पॅरिसच्या भाषांतरांत ‘अ‍ॅडजुटंट’ हा शब्द तसाच राहिला. जर्मनींत तो राजाचा निकटवर्ती अधिकारी. फ्रेंच सैन्यांत त्याच्यासारखा दिसणारा शब्द एका हलक्या हुद्द्याचा वाचक. एका सामान्य शिपाईगड्याकरवीं आपल्या वकिलास हांकलून दिलें, असा अर्थ पॅरिसनें १४ जुलै रोजीं वाचला.

आमच्या मतें या प्रकरणाचा गाभा बर्लिनांत नसून पॅरिसच्या सभागृहांत आहे. १५ जुलै रोजीं थिएर व झ्यूल फाव्र यांनीं मागणी केली कीं, युद्धाचा पैसा मंजूर करण्यापूर्वीं मूळ खलिते सभेपुढें ठेवा. संशोधकानें विचारावा असाच हा प्रश्न होता, आणि तो वेळेवर विचारला गेला. मागणी बहुमतानें फेटाळली गेली. एका समितीस कांहीं कागद दाखविण्यांत आले आणि तिचें समाधान झालें. १९ जुलै रोजीं युद्ध पुकारलें गेलें. आबेकेनच्या तारेचा मूळ पाठ चॅन्सेलर काप्रीवी यानें राइशस्टागांत वाचून दाखविला तो १८९२ सालीं, म्हणजे बावीस वर्षांनीं.

येथें एक सावधगिरी अवश्य आहे. ही तार एवढी प्रसिद्ध झाली ती मुख्यत्वें बिस्मार्कच्या आत्मवृत्तामुळें. मोल्टके व युद्धमंत्री रोन खिन्न होऊन जेवणाच्या मेजावर बसले आहेत, आणि कापलेला मजकूर ऐकतांच त्यांची भूक परत येते, असें नाटकी वर्णन त्यांत आहे. तो ग्रंथ त्याच्या मरणानंतर १८९८ सालीं निघाला. त्याच सालीं आमच्याकडे विश्वनाथ काशीनाथ राजवाडे यांनीं पानिपताच्या पत्रांचा पहिला खंड काढून बखरींवर किती विसंबावें याचा धडा घालून दिला, हा योगायोग लक्षांत घेण्यासारखा आहे. बिस्मार्कचें आत्मवृत्त ही बखरच आहे. आपल्या एका लेखणीनें साम्राज्य घडलें, असें सांगण्याचा मोह त्यास आवरला नाहीं. पॅरिसमधील मंत्र्यांचा कल त्या तारेपूर्वींच युद्धाकडे झुकला होता, हें तो सांगत नाहीं.

थोडें विषयांतर होईल, पण सांगतों. शाळेंत आम्हीं तीस वर्षांहून अधिक काळ मुलांकडून उताऱ्यांचे सारांश लिहवून घेतले. एकतृतीयांशांत बसविला कीं गुण पुरे. काय गाळलें व त्यामुळें अर्थ कोठें सरकला, हें विचारल्याचें आम्हांस आठवत नाहीं.

आतां १९१४. युद्ध सुरू होतांच प्रत्येक सरकारनें आपण निर्दोष असल्याचें दाखविण्यासाठीं कागदांचा संग्रह छापला. जर्मनांचें श्वेत, इंग्रजांचें नील, रशियनांचें नारिंगी, फ्रेंचांचें पीत आणि ऑस्ट्रियाचें रक्त अशीं हीं पुस्तकें. आमच्या पाहण्यांत असा कोणताहि साधनसंग्रह नाहीं कीं ज्याचे संपादक एवढे अधिकारी आणि पाठ इतका अविश्वसनीय आहे. श्वेत पुस्तकांत कैसर व झार यांच्यामधील तारा आहेत; परंतु हें भांडण हेगच्या न्यायपंचायतीपुढें न्यावें, अशी झारची २९ जुलैची तार त्यांत नाहीं. ती रशियन सरकारनें १९१५ च्या जानेवारींत प्रसिद्ध केली. पीत पुस्तकांतील ११८ व्या क्रमांकाची तार तर पाहण्यासारखी आहे. सेंट पीटर्सबर्ग येथील फ्रेंच वकील पालेओलोग यानें रशियन सैन्याच्या सर्वसाधारण जमवाजमवीचा हुकूम निघाला, एवढीच त्रोटक तार केली होती. छापील पाठांत त्याचें कारणहि आलें : ऑस्ट्रियानें सर्व सैन्य जमविलें व जर्मनी गुप्तपणें जमवीत आहे म्हणून. वास्तविक रशियाचा हुकूम ३० जुलैच्या सायंकाळचा आणि ऑस्ट्रियाचा ३१ च्या दुपारचा. एम्सला पाठ कापला गेला, येथें क्षेपक घुसलें. इंग्रजांच्या नील पुस्तकांतहि गाळलेलीं वाक्यें होतीं. तीं हेडलॅम-मोर्ली यानें १९२६ सालीं आपल्या खंडांत दाखवून दिलीं, याबद्दल त्याचे उपकार मानले पाहिजेत.

या सर्व कागदांत आम्हांस सर्वांत उद्वेगजनक वाटतो तो एक समासांतील शेरा. काउट्स्कीनें जमविलेले जर्मन कागद १९१९ सालीं चार भागांत निघाले, त्यांत कैसरचे समासलेख आहेत. सर्बियाचें उत्तर २८ जुलैच्या सकाळीं त्याच्या हातीं पडलें. तें वाचून त्यानें लिहिलें कीं, आतां युद्धाचें कारण उरत नाहीं. व्हिएन्नास तसें कळवावें, असेंहि त्यानें सुचविलें. चॅन्सेलर बेथमान-होल्वेग यानें रात्रीं तार पाठविली खरी. पण युद्धाचें कारण उरलें नाहीं, हें वाक्य गाळलें आणि आपण ऑस्ट्रियास मागें ओढतों असें दिसूं देऊं नये, अशी पुस्ती जोडली. तोंपर्यंत त्याच दिवशीं ऑस्ट्रियानें साध्या तारेनें युद्ध पुकारलेंहि होतें. त्या घोषणेचा जो मसुदा वृद्ध सम्राटापुढें सहीसाठीं ठेवला त्यांत तेमेश-कुबिन येथें सर्बांनीं गोळीबार केल्याचा उल्लेख होता. सही झाल्यावर परराष्ट्रमंत्री बेर्खटोल्ट यानें तो काढून टाकला, कारण बातमीस आधार मिळेना. सही एका पाठावर, रवानगी दुसऱ्याची!

या युद्धाशीं आपला काय संबंध, असें कोणी विचारील तर सातारा-रत्नागिरीकडील गांवोगांवच्या दगडी पाट्या वाचाव्या : या गांवांतून १९१४ ते १९१९ च्या महायुद्धास इतके गेले, पैकीं इतके मेले. लेख संख्येचा आहे, नांवें नाहींत. हिंदुस्थानास त्या युद्धांत घेतांना कोणी विचारलें नव्हतें. मूळ कागद पाहण्याची गोष्ट दूरच.

पुढें जर्मनांनीं १९२२ ते १९२७ मध्यें चाळीस खंड काढले; इंग्रजांचे अकरा १९३८ पर्यंत झाले; फ्रेंचांचें काम १९५९ सालीं संपलें. बेथमानचा सहायक रीट्सलर याची दिनचर्या १९७२ सालीं छापली गेली. तींतील नेमकीं जुलै १९१४ चीं पानें सुटीं असून इतर भाग वह्यांत आहे, असा आक्षेप १९८३ सालीं निघाला आणि वाद माजला. कागद, बांधणी व शाई यांवरून चाललेला तो वाद आमच्या वाचकांस अगदीं घरचा वाटेल. परंतु हें सारें उत्तरक्रियेसारखें आहे. प्रश्न आहे तो आधीं काय करतां येतें हा.

१९१४ चें ऑस्ट्रियाचें निर्वाणीचें पत्र अठ्ठेचाळीस तासांचें होतें. राष्ट्रसंघाच्या करारांतील बाराव्या कलमानें पंचांच्या निवाड्यानंतर तीन महिने युद्ध करूं नये असें ठरविलें, आणि अठराव्यानें तह नोंदवून प्रसिद्ध करण्याचें बंधन घातलें. राष्ट्रसंघ फसला म्हणून या दोन कलमांस हंसणें सोपें आहे. आमच्या मतें रोगाचें निदान त्यांत बरोबर होतें. औषध मात्र उशिरां पोंचत असे. मुकडेन येथील स्फोट सप्टेंबर १९३१ चा. लिटन समिति मांचुरियांत पोंचली एप्रिल १९३२ मध्यें, तोंवर तेथें नवें राज्य जाहीर होऊन गेलें होतें. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेंत १०२ वें कलम तह नोंदविण्याचेंच आहे. १९६२ च्या क्यूबा प्रकरणांत क्रुश्चेव्हचें लांब पत्र वॉशिंग्टनास पोंचावयास बारा तासांच्या आसपास लागले. त्यानंतर जून १९६३ मध्यें मॉस्को-वॉशिंग्टन थेट दुवा ठरला, तो बोलण्याचा नव्हे, लेखी मजकुराचा. प्रत्येकानें आपल्या भाषेंत व लिपींत लिहावें आणि भाषांतर घेणाऱ्यानें करावें, अशी त्याची योजना. एम्सच्या ‘अ‍ॅडजुटंट’ची गोष्ट ज्यानें ध्यानांत ठेविली असेल त्यास या योजनेचें मोल सांगावयास नको. १९७५ च्या हेलसिंकी येथील करारांत पंचवीस हजारांवरील सैन्याच्या कवायतीची सूचना एकवीस दिवस आधीं देण्याचें ठरलें, आणि १९८६ सालीं स्टॉकहोम येथें प्रत्यक्ष येऊन पाहण्याचा हक्क मिळाला. नक्कल न मानतां मूळ पाहण्याचा हक्क, असेंच आम्ही त्यास म्हणूं.

यावर एक सबळ आक्षेप आहे व तो टाळणें अप्रामाणिकपणाचें होईल. २००३ च्या इराक युद्धापूर्वीं नायजर देशांतून युरेनियम घेतल्याचे म्हणून जे कागद पुढें आले ते बनावट निघाले. त्यांतील २००० सालच्या एका पत्रावर अशा परराष्ट्रमंत्र्याची सही होती कीं ज्यानें १९८९ सालींच पद सोडलें होतें. नाणें कोणत्या राजाचें व शक कोणता, हें ताडून पाहणाऱ्या आमच्या कोणाहि वाचकानें तें पकडलें असतें. ७ मार्च २००३ रोजीं आंतरराष्ट्रीय अणुशक्ति संस्थेच्या प्रमुखांनीं सुरक्षा समितीस हे कागद अस्सल नाहींत असें उघड सांगितलें. तेरा दिवसांनीं युद्ध सुरू झालें. मग पाठचिकित्सेचा उपयोग काय? ज्यांचा निश्चय झाला आहे त्यांस ती अडवीत नाहीं, हें कबूल. परंतु १८७० च्या सभागृहांत आणि २००३ च्या जगांत असे अनेक होते कीं ज्यांचा निश्चय झाला नव्हता, आणि मत त्यांचें घ्यावयाचें होतें. अमेरिकेच्या हातीं ते कागद ऑक्टोबर २००२ मध्यें आले होते. तपासणाऱ्या संस्थेस ते दिले गेले फेब्रुवारी २००३ मध्यें.

१९६४ च्या टोंकिन आखातांतील दुसऱ्या, प्रत्यक्षांत न झालेल्या हल्ल्याचे कागद २००५ सालीं खुले झाले आहेत. त्यांची छाननी स्वतंत्र लेखाचा विषय असल्यामुळें जागेअभावीं तूर्त येथेंच थांबतों.