कागदावर की कागदात?

जहांगीर कलादालनापासून उपनगरांतल्या समूहप्रदर्शनांपर्यंत कुठेही जा, एखाद्या तरी चित्राखालच्या पट्टीवर ‘मिश्र माध्यम, हातकागद’ असं लिहिलेलं सापडतंच. वर पाहावं तर चहाच्या पाण्याने जुनाट केलेला जाडसर कागद, त्यावर सोनेरी वर्ख, दोऱ्याचे चार टाके, एखादं जाळीदार पिंपळपान आणि मेणबत्तीवर धरून काळ्या केलेल्या कडा. दिसतं छानच. पण त्याच जागी कार्ट्रिज कागद असता तर चित्राचं काय बिघडलं असतं, असं विचारलं की गाडी अडते. हातकागदाला आज मागणी आहे, कौतुकही आहे. काम मात्र त्याच्याकडे बहुतेक वेळा पार्श्वभूमीचंच येतं.

महाराष्ट्राला तरी हे शोभत नाही. दौलताबादहून खुलताबादकडे जाताना लागणाऱ्या कागजीपुऱ्याची परंपरा थेट महंमद तुघलकापर्यंत, १३२७ मध्ये त्याने राजधानी दौलताबादला हलवली त्या काळापर्यंत, नेली जाते. जुन्नरलाही कागजी होते. चिंध्या आणि जुने दोर कुटायचे, लगदा गवताच्या चाळणीवर उचलायचा, सुकलेल्या तावाला खळ द्यायची आणि तो दगडाने घोटून लखलखीत करायचा, असा हा उद्योग. बोरू अडू नये आणि शाई फुटू नये, एवढीच कागदाकडून अपेक्षा. घोटाई जितकी चांगली, तितका कागद अक्षरामागे दिसेनासा होणार.

गिरणीच्या कागदाने हा धंदा बुडवला. १९३४ मध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ निघाला, वर्ध्याच्या मगनवाडीत कागदाचे प्रयोग झाले आणि १९४० मध्ये पुण्यात शिवाजीनगरला के. बी. जोशी यांच्या पुढाकाराने हातकागद संस्था उभी राहिली. राज्यघटनेच्या हिंदी हस्तलिखित प्रतीचा कागद पुण्याचाच. त्यावरचं सुलेखन वसंत कृष्ण वैद्य यांचं. मान मोठा, तरी भूमिका तीच: दुसऱ्याच्या अक्षराला पाट मांडून देण्याची.

याला आपल्याकडचा एक जुना अपवाद पिंगुळीचा. सिंधुदुर्गातल्या ठाकर चित्रकथींच्या पोथ्यांत दोन चित्रं पाठीला पाठ लावून चिकटवलेली असतात. त्यामुळे पान ताठ होतं, सांगणाऱ्याला ते मांडीवर उभं धरता येतं आणि प्रसंग संपला की झटक्यात बदलता येतं. इथे कागदाची जाडी प्रयोगाचा भाग आहे. आज पिंगुळीची चित्रं हातकागदावरच रंगवून सुटी विकली जातात आणि काचेमागे टांगली जातात. पोट भरण्यासाठी ते गरजेचंच, पण पानाचं उलटणं थांबलं.

कागद हेच द्रव्य मानण्याची मोठी उडी शेजारी, अहमदाबादेत पडली, आणि ती एका अमेरिकनाने मारली. १९७५ मध्ये रॉबर्ट राउशेनबर्ग साराभाई कुटुंबाकडे आला आणि गांधी आश्रमाच्या कागदशाळेत काम करू लागला. ‘बोन्स’ या मालिकेत त्याने ओल्या लगद्याच्या थरांत बांबूच्या कामट्या आणि कापडाचे तुकडे दाबले. ‘युनियन्स’साठी त्याने चिंध्यांचा चिखल वापरला. त्यात कागदाचा लगदा, मेथीची पूड, चिंचोक्यांचं पीठ, खडू, डिंक आणि मोरचूद होतं. मराठी वाचकाला ही यादी ओळखीची वाटेल. रद्दी भिजवून, मेथी घालून वाटलेला लगदा भांड्यावर थापून टोपल्या करणाऱ्या आज्या आपल्याकडे घरोघर होत्या. त्यांच्या कामाखाली ‘मिश्र माध्यम’ अशी पट्टी कुणी लावली नाही, एवढंच.

त्याच दशकात शांतिनिकेतनात सोमनाथ होर यांनी ‘जखमा’ ही मालिका केली. मातीच्या नाहीतर मेणाच्या पत्र्यावर सुरीने चिरा पाडायच्या, तापल्या सळीने डाग द्यायचे, त्यावरून सिमेंटचा साचा काढायचा आणि त्यात लगदा दाबायचा. सुटून येतो तो पांढऱ्यावर पांढरा ताव, फुगलेला, फाटलेला. त्यात रेषा नाही, रंग जवळजवळ नाही. जी जखम आहे ती कागदालाच झालेली आहे. कागदावर आणि कागदात यांतला फरक इतक्या थोडक्यात दाखवणारं दुसरं भारतीय उदाहरण शोधावं लागेल.

मुंबईच्या चित्रकाराने या वाटेने जायचं ठरवलं तर? अतुल डोडिया हे घाटकोपरचे, जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे विद्यार्थी. नंदलाल बोस यांच्या शबरीवरून त्यांनी केलेली लगद्याची आणि मुद्राचित्रांची मालिका २००५ ची, आणि ती झाली सिंगापूरच्या टायलर प्रिंट इन्स्टिट्यूटमध्ये. केनेथ टायलर हा अमेरिकन मुद्रक. १९७८ मध्ये डेव्हिड हॉकनीची लगद्यातली जलतरण तलावांची चित्रं याच्याच कार्यशाळेत घडली होती. सिंगापूरच्या संस्थेत त्याची यंत्रं गेली. पुण्याच्या शिवाजीनगरचा लगद्याचा हौद घाटकोपरहून काही तासांवर असताना चित्रकाराला समुद्रापार जावं लागावं, यात दोष कुणा एकाचा नाही. आपल्या कागदशाळा लग्नपत्रिका, फाइली, पाकिटं आणि भेटवस्तूंच्या मागणीवर चालतात. तिथे ताव मोजून काढायचे असतात, प्रत्येक ताव वेगळा आला तर तो टाकाऊ. चित्रकाराला नेमका तोच हवा असतो. लगद्यात सातत्याने काम केलेले मुद्राचित्रकार दत्तात्रय आपटे मूळचे महाराष्ट्रातले, पण त्यांचं कार्यक्षेत्र दिल्ली.

बाजाराचं गणितही विरोधात जातं. कागदावरच्या कामाची किंमत कॅनव्हासपेक्षा कमी धरण्याची सवय आहे. त्यात मुंबईचा दमट पावसाळा: बुरशीचे तांबूस ठिपके आणि कसर यांची धास्ती गिऱ्हाइकाला असते, आणि ती खोटी नाही. मग काच आली, माउंट आला. फ्रेमवाला माउंट बसवताना हातकागदाची दातेरी कड सर्वात आधी झाकतो!

गंमत अशी की कच्चा माल दारात पडलेला आहे. उल्हासनगर जीन्सच्या शिलाईचं मोठं केंद्र. तिथल्या कात्रणांतून कुटलेला लगदा रंग न घालता निळा-करडा निघतो आणि तो निळा रंग नुसत्या पृष्ठभागावर न राहता तंतूतच असतो. बदलापूरजवळून वाहणाऱ्या उल्हास नदीत पुढे माजणाऱ्या जलपर्णीचाही कागद होतो, जरा ठिसूळ, म्हणून सुती लगद्यात मिसळून. पण ‘टाकाऊतून टिकाऊ’ची घोषणा देण्याआधी दोन अडचणी पाहाव्यात. ताणल्या जाणाऱ्या जीन्समधला लायक्रा कुटला जात नाही, त्याच्या गाठी तावात तशाच राहतात, म्हणून निवड हातानेच करावी लागते. दुसरी अडचण पाण्याची. या कामाला भरपूर आणि स्वच्छ पाणी लागतं, आणि अंबरनाथच्या १०६० सालच्या शिवमंदिराला लगटून वाहणाऱ्या वालधुनीची रंग आणि रसायनांनी काय दशा झाली, ते इथल्या लोकांना नव्याने सांगायला नको.

घरच्या मिक्सरवर काम भागवू पाहणारे हौशी पुष्कळ आहेत. मिक्सर तंतू कापतो. कागदशाळेतलं कुटण्याचं यंत्र, म्हणजे बीटर, तो चेचून फुलवतं, आणि त्या फुललेल्या धाग्यांच्या पकडीवरच कागदाची ताकद ठरते. म्हणून मिक्सरचा ताव भेटकार्डापुरता ठीक. चार फुटांचा ओला ताव मात्र उचलतानाच तुटतो. बीटरला एका घाण्यासाठी काही तास लागतात. तेवढा वेळ चित्रकाराला शेजारी उभं राहून लगदा बोटांनी चाचपू देईल अशी एखादी कार्यशाळा अंबरनाथ-बदलापूरच्या कारखान्यांच्या पट्ट्यात निघाली, तर तिला आधी बीटर आणि मग प्रेस घ्यावा लागेल. दालनाचा विचार त्यानंतरचा.