राष्ट्रध्वज आणि वसाहतकालीन प्रतीके : सोलापूरच्या अनुभवाच्या आधारे एक चिकित्सा

प्रास्ताविक

परकीय सत्तेतून मुक्त झालेल्या राष्ट्राने त्या सत्तेची चिन्हे आपल्या ध्वजावर ठेवावीत की काढून टाकावीत, हा वाद अनेक देशांत झाला आहे. एका पक्षाच्या मते अशी चिन्हे ही पराधीनतेची खूण होय. दुसऱ्या पक्षाच्या मते ती इतिहासाचा भाग असून ती पुसल्याने इतिहास बदलत नाही. हे दोन्ही पक्ष ध्वजाच्या आकृतीपाशी थांबतात. ध्वज कोणी निवडला आणि तो हाती घेण्याचा अधिकार कोणाला आहे, हा प्रश्न त्यामुळे मागे पडतो. सोलापूरच्या इतिहासाच्या आधारे या प्रश्नाची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

सोलापूर : १९३०

६ एप्रिल १९३० रोजी सोलापूर नगरपालिकेच्या इमारतीवर राष्ट्रध्वज फडकला, ही घटना सोलापुरात आजही अभिमानाने सांगितली जाते. तिचे महत्त्व स्थळामुळे वाढते. १९२३ च्या नागपूर झेंडा सत्याग्रहात प्रश्न ध्वज घेऊन सार्वजनिक रस्त्याने जाण्याचा होता. सोलापुरात ध्वज स्थानिक स्वराज्य संस्थेच्या वास्तूवर चढला. सत्ता लोकांकडून येते, की राजाकडून, हा प्रश्न त्या वास्तूच्या माथ्यावर जाऊन बसला.

राज्यकर्त्यांनी हा अर्थ अचूक ओळखला. गांधीजींच्या अटकेनंतर शहरात उसळलेला क्षोभ आणि गोळीबार यानंतर १२ मे १९३० रोजी लष्करी कायदा जारी झाला व तो जूनअखेरपर्यंत चालला. त्या काळात राष्ट्रध्वज बाळगणे हाही शिक्षेस पात्र गुन्हा ठरविण्यात आला. ध्वज म्हणजे केवळ कापडाचा तुकडा, असे म्हणणाऱ्यांना याहून स्पष्ट उत्तर नाही. केवळ कापडासाठी कोणतेही शासन लष्कर बोलावीत नाही. पोलिसांच्या हत्येच्या आरोपावरून चाललेल्या खटल्यानंतर मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवडा कारागृहात फाशी देण्यात आली.

येथे एका बाबीकडे सहसा दुर्लक्ष होते. १९३० चा ध्वज आजचा नव्हता. त्यावर पांढरा, हिरवा व तांबडा असे पट्टे आणि चरखा होता. १९३१ मध्ये काँग्रेसने केशरी, पांढरा, हिरवा हा क्रम स्वीकारला आणि रंगांना जोडलेला धर्मवाचक अर्थ वगळला. २२ जुलै १९४७ रोजी संविधान सभेने चरख्याच्या जागी अशोकचक्र घेतले. म्हणजे ज्या ध्वजासाठी सोलापूरने शिक्षा भोगली, त्याची आकृती दोनदा बदलली; तरीही तो परंपरेने आपलाच ध्वज राहिला. हे सातत्य आकृतीचे नसून लोकसंमतीचे आहे.

वसाहतकालीन चिन्हे : युक्तिवादांची तपासणी

१९४७ च्या जूनमध्ये माउंटबॅटन यांनी भारत व पाकिस्तान या दोन्ही देशांच्या ध्वजांच्या वरच्या कोपऱ्यात युनियन जॅक असावा, असे सुचविले. नेहरू व जिना यांनी ते मान्य केले नाही. सोलापूरच्या संदर्भात हा प्रस्ताव पाहिला म्हणजे त्यातील विसंगती उघड होते. ज्या ध्वजाला सतरा वर्षांपूर्वी गुन्हा ठरविले, त्याच्यावरच गुन्हा ठरविणाऱ्या सत्तेचे चिन्ह बसविले जाणार होते.

मात्र प्रत्येक देशातील निवड याच मापाने मोजता येणार नाही. न्यूझीलंडमध्ये २०१६ च्या सार्वमतात सुमारे ५७ टक्के मतदारांनी युनियन जॅक असलेला ध्वजच कायम ठेवला. त्या निर्णयावर टीका करता येईल. पण तो मतदारांचा होता, ही गोष्ट नाकारता येत नाही. प्रस्थापित चिन्ह आणि स्वीकृत चिन्ह यांतील फरक येथे लक्षात घ्यावा लागतो.

भारतीय नौदलाच्या ध्वजाचा इतिहास अधिक गुंतागुंतीचा आहे. १९५० पासून त्यावर तिरंग्यासोबत सेंट जॉर्जचा क्रूस होता. २००१ मध्ये तो काढला गेला. नवा ध्वज समुद्र व आकाशाच्या निळाईत उठून दिसत नाही, या व्यावहारिक कारणाने २००४ मध्ये तो परत आला. २ सप्टेंबर २०२२ रोजी तो पुन्हा काढून शिवछत्रपतींच्या राजमुद्रेवरून स्फुरलेली अष्टकोनी आकृती घेण्यात आली. हा बदल उचितच होय. परंतु चिन्ह गेले की वसाहतवाद संपला, असे मानणे भाबडेपणाचे ठरेल.

अधिकाराचा प्रश्न

स्वातंत्र्यानंतरही ठरावीक राष्ट्रीय दिवस वगळता सामान्य नागरिकाला आपल्या घरावर राष्ट्रध्वज लावता येत नव्हता. ही मोकळीक २६ जानेवारी २००२ पासून लागू झालेल्या ध्वजसंहितेने दिली. सन्मानपूर्वक ध्वज फडकावणे हा अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २००४ मध्ये दिला. ध्वजावरून युनियन जॅक दूर ठेवणाऱ्या राष्ट्राने ध्वज आणि नागरिक यांच्यातील अंतर मात्र अर्धशतकाहून अधिक काळ राखले. त्यामागे ध्वजाच्या प्रतिष्ठेची काळजी होती, हे मान्य केले तरी प्रतिष्ठा राखण्याचे काम केवळ शासनाचे, हे गृहीतक जुन्या राज्यपद्धतीतूनच आलेले दिसते.

याच दृष्टीने डिसेंबर २०२१ च्या दुरुस्तीकडेही पाहावे लागते. तिने यंत्रावर तयार झालेल्या व पॉलिएस्टरच्या ध्वजाला मान्यता दिली. ध्वज स्वस्त व सर्वांच्या आवाक्यात आला, हा लाभ निर्विवाद आहे. पण हातकताईची खादी हेच मुळात वसाहतवादविरोधी प्रतीक होते. वस्त्रोद्योगावर वाढलेल्या सोलापूरसारख्या शहराला ही देवघेव क्षुल्लक वाटण्याचे कारण नाही. २०२१ मध्ये स्वदेशीची एक खूण ऐच्छिक झाली आणि २०२२ मध्ये परकीयांची एक खूण गेली. यांपैकी दुसऱ्या घटनेचीच चर्चा अधिक झाली.

निष्कर्ष

ध्वजावरील वसाहतकालीन चिन्हांचा वाद आकृतीच्या पातळीवर सुटत नाही. चिन्ह कोणी निवडले, ते कोणावर लादले गेले आणि ध्वज हाती धरण्याची मोकळीक कोणाला आहे, या तीन कसोट्यांवर तो तपासावा लागतो. लादलेले चिन्ह काढलेच पाहिजे. मात्र त्यासोबत नागरिकाचा अधिकार वाढला नाही, तर बदल अपुरा राहतो. सोलापूरचा ध्वज १९३० मध्ये लोकांच्या हातून वर गेला होता. त्याचा वारसा सांगताना ध्वजाइतकेच त्या हातांचेही स्मरण ठेवणे आवश्यक आहे.